मैदान तेवढंच, माणसं मोठी

(तृतीय वर्ष, यांत्रिकी)

रग्बी हा खेळ आपल्या होस्टेलवर फारसं कुणी बघत नाही. क्रिकेट असलं की टीव्ही रूममध्ये उभं राहायला जागा नसते, फुटबॉल वर्ल्डकपला रात्र रात्र जागणारी मंडळीही भरपूर. पण मी रग्बी लावली की पाच मिनिटांत खोली रिकामी! जाता जाता एक वाक्य ठरलेलं, "ही काय नुसती मारामारी बघतोस?"

आता या वाक्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही मारामारी पूर्वी एवढी नव्हती. गेल्या तीस वर्षांत ती वाढली. का वाढली, याचं उत्तर खेळाडूंच्या स्वभावात नाही, त्यांच्या वजनात आहे. आणि वजन का वाढलं, याचं उत्तर बरंचसं नियमपुस्तकात आहे. हे सगळं समजून घ्यायला पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स पुरतं. त्यात केटी लागलेल्यांनीही घाबरू नये, गणितं सोपी आहेत.

आधी खेळाची ओळख

रग्बीचे प्रकार बरेच आहेत. इथे मी मुख्यतः रग्बी युनियनबद्दल लिहितोय, म्हणजे प्रत्येक बाजूला १५ खेळाडू असलेला प्रकार. सामना ८० मिनिटांचा. मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. अंड्याच्या आकाराचा चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात ट्राय, त्याचे ५ गुण. गंमत अशी, की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. साथीदाराला द्यायचा तर मागे किंवा आडवा द्यायचा. पुढे न्यायचा असेल तर स्वतः घेऊन पळा, नाहीतर लाथ मारा. आणि चेंडू ज्याच्या हातात असेल त्याला मिठी मारून खाली पाडायचं, हे झालं टॅकल.

१५ पैकी ८ जण फॉरवर्ड आणि ७ जण बॅक. फॉरवर्ड अंगापिंडाने दणकट. स्क्रममध्ये हे आठ जण एकमेकांत खांदे अडकवून समोरच्या आठांशी भिडतात आणि रेटारेटी करून चेंडू मिळवतात. बॅक बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात. मिळालेला चेंडू भराभर पास करत, हुलकावण्या देत पळणं हे त्यांचं काम. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉरवर्ड म्हणजे बैल आणि बॅक म्हणजे घोडे. या खेळात ठेंगण्या-ठुसक्यापासून ताडमाड उंच माणसापर्यंत सगळ्यांना जागा आहे, असं रग्बीवाले अभिमानाने सांगायचे. मधल्या काळात या वाक्यालाच तडा गेला.

घोड्याच्या जागी बैल आला, आणि तो घोड्यासारखा पळाला

१८ जून १९९५. केपटाऊनचं न्यूलँड्स मैदान. वर्ल्डकपची उपांत्य फेरी, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. ('इन्व्हिक्टस' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना हा वर्ल्डकप माहीत असेल.) न्यूझीलंडच्या डाव्या विंगला जोना लोमू नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. विंगर म्हणजे घोड्यांतला घोडा, संघातला सगळ्यात वेगवान गडी. लोमू वेगवान होताच, पण उंची १.९६ मीटर आणि वजन १२० किलोच्या आसपास! समोरच्या इंग्लंडच्या कित्येक फॉरवर्डपेक्षा हा विंगर जड होता.

सामना सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोच लोमूने चेंडू घेतला, एकाला झटकलं, दुसऱ्याला मागे टाकलं. शेवटी समोर राहिला माइक कॅट. लोमूने वळण्याचा त्रास घेतला नाही, सरळ त्याच्या अंगावरून गेला. त्या दिवशी त्याने चार ट्राय केले आणि न्यूझीलंडने सामना ४५-२९ असा जिंकला. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने लोमूला अडवून वर्ल्डकप जिंकला, तो भाग वेगळा. पण जगभरच्या प्रशिक्षकांनी केपटाऊनमधून एकच धडा घेतला: असा माणूस आपल्याकडेही पाहिजे.

लोमू निसर्गाची देणगी होता. २०१५ साली वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी तो गेला, मूत्रपिंडाच्या आजाराने त्याला तरुणपणापासूनच ग्रासलं होतं. त्याच्यासारखे जन्माला येणारे थोडेच. म्हणून बाकीच्यांनी ते जिममध्ये घडवायला घेतले.

आकडे काय सांगतात?

उत्तर गोलार्धातल्या पुरुष आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या वजनाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९५५ साली सरासरी वजन होतं ८४.८ किलो. २०१५ साली ते झालं १०५.४ किलो. म्हणजे साठ वर्षांत २४ टक्के वाढ.

दुसऱ्या एका अभ्यासात १९८७ ते २००७ पर्यंतच्या सगळ्या वर्ल्डकपमधले खेळाडू तपासले. या वीस वर्षांत फॉरवर्ड सरासरी साडेसहा किलोंहून थोडे जास्त जड झाले. आणि बॅक? तेही तेवढेच! म्हणजे घोडेही बैलांच्या बरोबरीने वाढले. पण त्याच काळात उंची किती वाढली असेल? फॉरवर्डची अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त, बॅकची सुमारे एक सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सांगाडा जवळजवळ तेवढाच राहिला, त्यावरचं मांस वाढलं.

वजन वाढलं कसं?

पहिलं कारण सरळ आहे, पैसा. ऑगस्ट १९९५ पर्यंत रग्बी युनियन अधिकृतपणे हौशी खेळ होता. खेळाडू दिवसा शिक्षक, शेतकरी, डॉक्टर, खाणकामगार असायचे आणि संध्याकाळी सराव करायचे. त्या महिन्यात खेळ व्यावसायिक झाला. आता दिवसभर व्यायाम करायचा, आहारतज्ज्ञ सांगेल ते खायचं, झोपायचं आणि याचाच पगार घ्यायचा. असं केल्यावर कुणाचंही अंग भरेल. आपल्या मेसच्या जेवणावर मात्र हा प्रयोग करू नये.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे बदली खेळाडू.

१९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत बदली हा प्रकारच नव्हता. माणूस जखमी होऊन बाहेर गेला की राहिलेल्या चौदांनी खेळायचं. १९६८ नंतर जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येऊ लागला. १९९६ पासून मात्र दुखापत नसतानाही, केवळ डावपेच म्हणून बदली करायला परवानगी मिळाली. आज १५ जण मैदानात आणि ८ जण बाकावर असा २३ जणांचा संघ असतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त संघ सामना चालू असताना बदलता येतो!

याचा परिणाम काय झाला बघा. १२५ किलोच्या माणसाला ८० मिनिटं पळवलं तर साठाव्या मिनिटाला त्याची जीभ बाहेर येते. म्हणजे पूर्वी वजनावर एक आपोआप लगाम होता. फार जड झालात तर दम पुरायचा नाही. शेवटची वीस मिनिटं दमलेल्या धटिंगणांच्या मधून चपळ बॅक सुळकन निघून जायचे. चाहते याच वीस मिनिटांची वाट बघत. आता प्रशिक्षक म्हणतो, तू पन्नास मिनिटंच खेळ, पण जीव तोडून खेळ. नंतर तुझ्या जागी तुझ्याइतकाच जड आणि ताजातवाना गडी येईल. लगाम सुटला.

दक्षिण आफ्रिकेने याचं शास्त्रच बनवलं. २०१९ च्या वर्ल्डकपमध्ये त्यांच्या आठ राखीव खेळाडूंपैकी सहा फॉरवर्ड असायचे. या सहा जणांना नाव पडलं 'बॉम्ब स्क्वॉड'. दुसऱ्या अर्धात ते उतरायचे आणि दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला स्क्रममध्ये अक्षरशः मागे रेटायचे. अंतिम सामन्यात इंग्लंडला त्यांनी ३२-१२ असं हरवलं. २०२३ च्या अंतिम सामन्यात तर आठातले सात फॉरवर्ड आणि फक्त एक बॅक! तोही सामना ते जिंकले, १२-११.

त्यांनी काहीही गैर केलं नाही. नियमात जे बसतं तेच केलं आणि उत्तम केलं. आपण नाही का, पेपर पॅटर्न बघूनच अभ्यास करत? दोष विद्यार्थ्याचा की पॅटर्नचा, हा प्रश्न इथेही आहे.

मैदान का लहान झालं?

मैदान तर १०० बाय ७० चंच राहिलं. ७००० चौरस मीटर भागिले ३० खेळाडू, म्हणजे माणशी सुमारे २३३ चौरस मीटर. हा आकडा बदललेला नाही. पण त्या २३३ चौरस मीटरमध्ये उभा असलेला माणूस आता जास्त रुंद आहे, जास्त वेगाने धावतो आणि आडवा पडला तरी लगेच उठून रांगेत परत येतो. बचावाची रांग म्हणजे भिंतच झाली. तेरा-चौदा जण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे. फट सापडत नाही.

मग आक्रमण करणारा काय करणार? दोन माणसांच्या मधून जाता येत नसेल तर माणसावरच जायचं. तगड्या गड्याच्या हातात चेंडू द्यायचा, त्याने धडक द्यायची, दोन-तीन बचावपटू त्याला पाडण्यात गुंतले की चेंडू पटकन काढून पुन्हा तेच. वेल्सचे प्रशिक्षक वॉरेन गॅटलंड यांच्या संघाचा खेळ असा असायचा म्हणून टीकाकारांनी त्याला 'वॉरनबॉल' असं नाव दिलं. त्यांच्या संघात जेमी रॉबर्ट्स नावाचा सेंटर होता, म्हणजे बॅकमधला माणूस. उंची १.९३ मीटर, वजन ११० किलो. तो धडक द्यायचा आणि बाकीचे त्याच्या मागून यायचे. हा गडी खेळता खेळता वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टरही झाला. ('वेळ मिळत नाही' म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ही माहिती.)

थोडक्यात काय, तर मोठा खेळाडू जागा खातो. जागा कमी झाली की धडका वाढतात. धडका वाढल्या की आणखी मोठा खेळाडू लागतो. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक लगेच ओळखू येईल. असा लूप आपणहून थांबत नाही.

धडकेचं गणित

समजा, ८५ किलोचा खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगाने पळतोय. त्याची गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, १५३० ज्यूल. आता १०५ किलोचा खेळाडू घ्या आणि व्यावसायिक सरावामुळे त्याचा वेग ६.५ झालाय असं धरा. ऊर्जा झाली सुमारे २२१८ ज्यूल. वजन साधारण २४ टक्के वाढलं, वेग जेमतेम ८ टक्के, आणि ऊर्जा वाढली ४५ टक्के! धडकेत ही ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. ती जिरते गुडघ्यात, खांद्यात, मानेत.

इथेच मघाचा उंचीचा आकडा उपयोगी पडतो. स्नायू व्यायामाने काही महिन्यांत वाढतात. पण सांधे बांधून ठेवणारे लिगामेंट त्या प्रमाणात जाड होत नाहीत, सांध्यांचं माप तर बदलतच नाही. म्हणजे आपण जुन्या पुलावर नवे अवजड ट्रक सोडले, पण खांब तेच ठेवले. सिव्हिलवाल्यांना विचारा, असा पूल किती दिवस टिकेल.

आता कुणी हुशार विद्यार्थी शंका काढेल, "दोघंही सारख्याच प्रमाणात जड झाले तर काय फरक पडतो? समोरासमोर धडकून दोघं थांबले की वेगातला बदल तेवढाच." शंका बरोबर आहे! शरीराला बसणारा धक्का मुख्यतः वेग किती झटक्यात बदलला यावर ठरतो. पण दोन ठिकाणी हा युक्तिवाद कोसळतो.

पहिलं, सगळे सारखे जड झालेले नाहीत. १२० किलोचा आणि ८० किलोचा खेळाडू प्रत्येकी ६ मीटर वेगाने समोरासमोर आले आणि एकमेकांना बिलगले असं समजा. संवेग अक्षय्यतेनुसार दोघं मिळून मोठ्याच्या दिशेने १.२ मीटर वेगाने जातील. मोठ्याच्या वेगात बदल झाला ४.८ चा, लहानाच्या वेगात ७.२ चा. म्हणजे धक्का दीडपट, आणि तो नेहमी लहान माणसालाच.

दुसरं जास्त गंभीर आहे. डोकं वाढत नाही. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. तुम्ही जिममध्ये कितीही घाम गाळा, ते तेवढंच राहतं. पण त्या डोक्यावर येऊन आदळणाऱ्या खांद्यामागे आता ८५ ऐवजी १०५ किलो आहेत.

डोक्याचं काय?

मेंदू कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. डोक्याला झटका बसला, विशेषतः ते गर्रकन फिरलं, की कवटी आधी फिरते आणि मेंदू मागे राहतो. त्यात मेंदूच्या आतले तंतू ताणले जातात. यालाच कन्कशन म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही. रक्त नाही, सूज नाही. काही खेळाडू मऊ फोमची टोपी घालतात, तिने कानाला आणि कातडीला संरक्षण मिळतं, पण आतला मेंदू फिरायचा तो फिरतोच.

वैद्यकीय कारणाने तपासणीसाठी बाहेर काढलेल्या खेळाडूंच्या डोक्याच्या ६११ घटनांचा एक अभ्यास २०१७ च्या सुमारास झाला. त्यातल्या ७६ टक्के घटना टॅकलमध्ये घडल्या होत्या. आणि इथे आश्चर्य आहे. लागलेल्यांत पाडला जाणारा कमी, पाडणारा जास्त! टॅकलमधल्या दर चार जखमींपैकी जवळजवळ तीन टॅकल करणारे होते. आणि दोघंही ताठ उभे राहून भिडले तर धोका अधिक, कमरेत वाकून टॅकल केलं तर कमी. आता विचार करा, समोरून १२० किलो येताहेत. खाली वाकून पाय धरले तर तो पडेल, पण पडता पडता चेंडू साथीदाराला देऊन टाकेल. म्हणून बचावपटू वर, छातीशी भिडायला लागले, चेंडूच अडकवून टाकायला. तिथेच दोन डोकी एका उंचीवर येतात.

इंग्लंडच्या व्यावसायिक सामन्यांत २०११-१२ पासून वर्षानुवर्षं सर्वाधिक नोंदली गेलेली दुखापत कन्कशन हीच होती. यातला काही भाग लोक आता काळजीपूर्वक नोंद करतात म्हणून आहे, हेही खरं. पण डिसेंबर २०२० मध्ये स्टीव्ह थॉम्पसन बोलला तेव्हा आकड्यांना चेहरा मिळाला. २००३ साली वर्ल्डकप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला हा हुकर, स्क्रमच्या अगदी मध्यभागी उभा राहणारा. वयाच्या ४२ व्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. आपण तो अंतिम सामना खेळलो हे त्याला आठवतच नाही. ज्या दिवसासाठी आयुष्य घालवलं तो दिवसच पुसला गेला. त्याने आणि आणखी माजी खेळाडूंनी मिळून रग्बीच्या संघटनांविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू केली.

मात्र सगळं पाप वजनाच्या माथी मारणंही बरोबर नाही. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका सुमारे अडीचपट निघाला. आणि यातले बरेच जण हौशी काळातले, म्हणजे आजच्या मानाने हलके. तेव्हा धोका आधीपासून होताच. प्रश्न असा आहे, की जे बांधकाम आधीच तडे गेलेलं होतं त्यावर आपण आणखी भार टाकला.

मेंदूची दुखापत ही फक्त रग्बीवाल्यांची भानगड आहे असं समजू नका. मी कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. मागच्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात समोरच्या संघातल्या एका गड्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. काही सेकंद त्याला काही सुधरेना. त्यांच्यातल्या कुणीतरी डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं, पाठीवर थाप मारली आणि पुढच्या चढाईला तो परत मैदानात! सामना संपल्यावर तो आम्हालाच येऊन विचारत होता, "कोण जिंकलं?" रग्बीत आज असं झालं तर डॉक्टर त्याला बाहेर काढून ठरलेली चाचणी घेतात, आणि त्यात नापास झाला तर तो त्या दिवशी पुन्हा उतरत नाही. मारामारीचा खेळ म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, तो याबाबतीत आपल्या पुढे आहे.

उपाय काय?

काही उपाय झाले, काहींवर वाद चालू आहे.

स्क्रमचं उदाहरण आपल्या कामाचं आहे. दोन संघांच्या आठ-आठ फॉरवर्डचं वजन प्रत्येकी नऊशे किलोच्या घरात. पूर्वी ते थोड्या अंतरावरून एकमेकांवर आदळायचे. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी बलमापन यंत्रं लावून मोजलं, तर आंतरराष्ट्रीय पातळीवर कमाल बल भरलं सुमारे १६.५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून जास्त वजनाएवढं. आणि ते पुढच्या रांगेतल्या तिघांच्या मानांवर! मग २०१३ साली पद्धत बदलली. आधी समोरच्याला हाताने पकडायचं, मगच भिडायचं. अंतर कमी झालं, वेग कमी झाला आणि धक्का २५ टक्क्यांपर्यंत उतरला. खेळाडू तेच, वजन तेच, फक्त क्रम बदलला. याला म्हणतात डिझाइन.

टॅकलची उंचीही खाली आणली जात आहे. फ्रान्सने २०१९ साली हौशी खेळात ती कमरेपर्यंत आणली, इंग्लंडने २०२३ साली छातीच्या हाडाच्या खाली. वरच्या पातळीवर डोक्याला धक्का लागला तर थेट कार्ड. २०२३ च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन अशाच उंच टॅकलसाठी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि पुरुषांच्या वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला पहिला खेळाडू ठरला. संघ एका गुणाने हरला.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठीही काम निघालंय. २०२४ च्या सुरुवातीपासून वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना सेन्सर बसवलेले माउथगार्ड वापरावे लागतात. दात कवटीला घट्ट जोडलेले, म्हणून डोक्याचा प्रवेग मोजायला दातांवरचा अ‍ॅक्सेलरोमीटर सर्वात विश्वासू. मोठा झटका बसला की बाजूला बसलेल्या डॉक्टरच्या पडद्यावर लगेच सूचना येते. खेळाडू "मी ठीक आहे" म्हणाला तरी यंत्र खोटं बोलत नाही.

जागा वाढवण्यासाठी २०२१ पासून '५०:२२' हा नियम आला. आपल्या अर्ध्या भागातून मारलेला चेंडू टप्पा पडून समोरच्याच्या २२ मीटर पट्ट्यात बाजूला गेला, तर पुन्हा ताबा मारणाऱ्याच्याच संघाकडे. या भीतीने बचाव करणाऱ्यांना एक-दोन माणसं भिंतीतून काढून मागे ठेवावी लागतात. भिंतीत फट पडली!

खरा वाद आहे तो बदली खेळाडूंवर. २०२१ साली काही नामवंत जुन्या खेळाडूंनी जाहीर पत्र लिहून मागणी केली, की बदली फक्त जखमींसाठी ठेवा. विरोधी बाजू म्हणते, थकलेला माणूस चुकीचं टॅकल करतो, त्याने दुखापती उलट वाढतील. दोन्हींत अर्थ आहे. मला स्वतःला वाटतं, आठाच्या जागी चार-पाच बदल्या ठेवल्या तर एका मोसमात फरक पडणार नाही, पण दहा वर्षांत खेळाडूंची शरीरं बदलतील. कारण ८० मिनिटं टिकायचं म्हटलं की वजन आपोआप उतरतं.

नियम शरीर घडवतो

हे मी हवेत बोलत नाहीये. पुरावा समोरच आहे. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून जो रग्बी खेळतात तो सेव्हन्स. मैदान तेच, पण खेळाडू सात-सात. भागाकार करा, ७००० भागिले १४, माणशी ५०० चौरस मीटर. जागा दुपटीहून जास्त झाली. आणि शरीरं? सेव्हन्सच्या खेळाडूंचं सरासरी वजन नव्वद किलोच्या आसपास. कुणीही त्यांना 'बारीक व्हा' असं सांगितलं नाही. एवढ्या जागेत १२० किलो घेऊन पळताच येत नाही, बस्स! आपल्याकडे मुंबईत जून २०२५ मध्ये जी पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली तीही सेव्हन्सचीच.

दुसरा मार्ग आपल्या ओळखीचा आहे, सरळ वजनाची मर्यादा. कुस्तीत वजनगट असतात. कबड्डीत वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना ८५ किलोची मर्यादा, हे आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ. गंमत म्हणजे न्यूझीलंडने २०२० साली क्लब संघांसाठी ८५ किलोखालच्या खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. आकडाही तोच! २०२५ साली त्यांचा ८५ किलोखालचा राष्ट्रीय संघ श्रीलंकेत खेळून गेला. ज्या देशाने लोमू दिला, त्याच देशाला लहान माणसासाठी वेगळी जागा करावीशी वाटली, यात सगळं आलं.

आणि लहान माणूस संपलेला नाही, बरं का. दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे १.७२ मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या वर्गातल्या मधल्या बाकावरचा कुणीही. २०१९ च्या अंतिम सामन्यातला शेवटचा ट्राय त्याचा. फ्रान्सचा आंत्वान द्युपों १.७४ मीटर, पॅरिसला २०२४ साली त्याने सेव्हन्सचं सुवर्णपदक मिळवलं. या दोघांना बघायला मी रात्री जागतो. पण ते अपवाद आहेत म्हणून डोळ्यांत भरतात. पूर्वी त्यांच्यासारखे प्रत्येक संघात असायचे.

कोणत्याही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एक गोष्ट पहिल्या प्रकरणातच असते. भार वाढला की रचना पुन्हा तपासायची. पुलावरची वाहनं जड झाली की कोड बदलतो, त्यात कुणी 'परंपरा' आडवी आणत नाही. रग्बीत खेळाडूंचा भार चोवीस टक्क्यांनी वाढला आणि कोड बदलायला सुरुवात झाली ती फार उशिरा, माणसं आपलेच सामने विसरायला लागल्यावर. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही. पुढच्या महिन्यात इंटर-हॉस्टेल स्पर्धा आहेत. कबड्डी असो की फुटबॉल, डोक्याला मार लागून ज्याला दोन सेकंद जरी सुधरलं नाही, त्याला त्या दिवसापुरतं बाहेर बसवा आणि डॉक्टरांना दाखवा. तो रागावेल, शिव्या देईल, "मला काही झालं नाही" म्हणेल. म्हणू द्या. शिव्या देतोय म्हणजे निदान आपल्याला ओळखतोय तरी.